१९९७ नंतर पूर्व आशियातील शेजारी देशांनी एकत्र येऊन नेमके काय बदलले?

तुमच्या लेखासाठी तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे की, १९९७ च्या चलनसंकटानंतर पूर्व आशियातील शेजारी देशांनी एकत्र बसून आपली आर्थिक आणि सामाजिक धोरणे नव्याने आखली. मग २०२३ मध्ये श्रीलंका, पाकिस्तान आणि बांगलादेश हे तिघेही आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात उभे असताना दक्षिण आशियात तसे का घडले नाही. यातले गृहीतकच मला आधी तपासावेसे वाटते. त्या देशांनी एकत्र बसून जे केले, ते परकीय चलनापुरते होते. आरोग्य, बेरोजगारी, स्वस्त धान्य यांविषयीचे निर्णय प्रत्येकाने आपापल्या घरात, आपापल्या मतदारांच्या दबावाखाली घेतले आणि माझ्या मते लोकांच्या उपयोगी पडले ते हेच.

फोर्टमधल्या एका बँकेच्या परकीय चलन विभागात माझी नोकरी झाली, त्यामुळे हिशेबापासून सुरुवात करतो. थायलंडचा बाथ डॉलरला साधारण २५ या दराला बांधलेला होता. बँकॉकच्या एखाद्या बिल्डरने दहा लाख डॉलर कर्ज घेतले, तर त्याच्या वहीत ते अडीच कोटी बाथ दिसत. डॉलरचे व्याज स्थानिक व्याजापेक्षा कमी आणि दर हलणारच नाही अशी खात्री, म्हणून वायदा करून दर पक्का करण्याचा खर्च तो कशाला करील? (आमच्याकडे येणारे आयातदारही हाच खर्च वाचवायला बघत, तेव्हा थाई बिल्डरला हसण्याचे कारण नाही.) २ जुलै १९९७ रोजी बाथ मोकळा सोडला गेला आणि जानेवारी १९९८ मध्ये दर ५० च्याही पलीकडे गेला. तेच कर्ज आता पाच कोटींच्या वर, आणि फ्लॅटचे भाडे मात्र बाथमध्येच.

म्हणजे दुखणे खासगी कर्जाचे होते, सरकारी उधळपट्टीचे नव्हते. तरीही नाणेनिधीच्या मदतीबरोबर पहिला उपाय आला तो सरकारी काटकसरीचा. थायलंडने मूल्यवर्धित कर सातवरून दहा टक्क्यांवर नेला. इंडोनेशियात १ नोव्हेंबर १९९७ रोजी सोळा बँका एका दमात बंद केल्या गेल्या, आणि सगळ्या ठेवींना हमी नसल्याने लोकांनी उरलेल्या खासगी बँकांतूनही पैसे काढायला सुरुवात केली. पुढच्या मे महिन्यात इंधनाचे दर वाढवताच दंगली उसळल्या आणि २१ मे १९९८ रोजी सुहार्तो पायउतार झाले. त्या वर्षी इंडोनेशियाची अर्थव्यवस्था सुमारे १३ टक्क्यांनी आक्रसली. मलेशियाने नाणेनिधीकडे न जाता सप्टेंबर १९९८ मध्ये भांडवल देशाबाहेर नेण्यावर निर्बंध घातले आणि रिंगिट डॉलरला ३.८० वर बांधला, तेव्हा शेजाऱ्यांमध्ये एकमत होते असेही नाही.

सामाजिक बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. बँकॉकमधले काम सुटलेले मजूर ईशान्येकडच्या खेड्यांत परतले आणि ‘कुटुंब आहे, शेती आहे, तेच सांभाळून घेईल’ असे सरकारदरबारी मानले गेले. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातून कोकणात आणि घाटावर परतलेल्यांची घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे सांभाळून घेणे किती दिवस पुरते ते ठाऊक आहे. थायलंडने २००१-०२ मध्ये तीस बाथांत उपचार देणारी योजना देशभर नेली. ती इतक्या लवकर पसरू शकली, कारण ग्रामीण रुग्णालयांचे जाळे आधीच उभे होते. दक्षिण कोरियात बेरोजगारी विमा १९९५ मध्येच सुरू झाला होता, पण मोठ्या आस्थापनांपुरता. ऑक्टोबर १९९८ पर्यंत तो लहानातल्या लहान आस्थापनेपर्यंत नेला गेला, आणि ऑक्टोबर २००० पासून काम करू शकणाऱ्या गरीब माणसालाही निर्वाहाची मदत हक्क म्हणून मिळू लागली. इंडोनेशियाजवळ असे काहीच तयार नव्हते. १९९८ मध्ये घाईने स्वस्त तांदूळ सुरू झाला, पण अनेक गावांत तो सगळ्यांना सारखा वाटला गेला आणि खऱ्या गरजूच्या वाट्याला ठरल्यापेक्षा कमी आला. सामाजिक सुरक्षेचा कायदा २००४ मध्ये झाला आणि त्याखालचा आरोग्य विमा २०१४ मध्ये सुरू झाला.

आता एकत्र केलेल्या कामाकडे वळतो. जपानने सप्टेंबर १९९७ मध्येच आशियाई नाणेनिधीची कल्पना मांडली होती, ती अमेरिका आणि नाणेनिधीने मोडून काढली. मे २००० मध्ये थायलंडमधल्या चियांग माई येथे चलन अदलाबदलीचे, म्हणजे अडचणीत एकमेकांना डॉलर पुरवण्याचे, करार ठरले, २०१० मध्ये त्यांचा १२० अब्ज डॉलरचा सामाईक निधी झाला आणि २०१४ मध्ये तो २४० अब्जांवर गेला. पण सुरुवातीला नाणेनिधीचा कार्यक्रम न स्वीकारता त्यातले १० टक्केच उचलता येत. आज ही मर्यादा ४० टक्के आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये डॉलरची चणचण भासली तेव्हा कोरियाने ३० अब्ज डॉलरची सोय अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हकडून करून घेतली. चियांग माईच्या निधीतून आजवर कोणीच पैसे उचललेले नाहीत. सगळ्यांनी भरवसा ठेवला तो स्वतःच्या परकीय चलनाच्या गंगाजळीवर.

भारताने यातून घेतलेला धडा रिझर्व्ह बँकेपुरता राहिला. भांडवली खात्यावर रुपया २००० पर्यंत पूर्ण परिवर्तनीय करावा, म्हणजे गुंतवणूक आणि कर्जासाठीही तो परकीय चलनात मोकळेपणी बदलता यावा, असा रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या तारापोर समितीचा अहवाल मे १९९७ च्या अखेरीस आला; जेमतेम महिनाभरात बँकॉक कोसळले आणि ते वेळापत्रक बाजूला पडले, हे बरेच झाले.

दक्षिण आशियात तसा निधी का नाही, याचे उत्तर निधीत कोण किती पैसे घालतो यात आहे. चियांग माईत जपान आणि हाँगकाँगसह चीन यांचा प्रत्येकी ३२ टक्के, तर कोरियाचा १६ टक्के वाटा आहे, म्हणजे देणारे तीन आहेत आणि ते एकमेकांवर लक्षही ठेवतात. सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेसाठी रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये दोन अब्ज डॉलरची अदलाबदल योजना आखली, पण तिथे देणारा एकच आणि बाकीचे घेणारे. श्रीलंकेला जानेवारी २०२२ मध्ये त्यातून ४० कोटी डॉलर मिळाले. त्या वर्षी भारताने तिला एकूण सुमारे चार अब्ज डॉलरची मदत केली, ती मुख्यतः दोन देशांच्या आपसातील व्यवहारांतून. २०१४ नंतर सार्कची शिखर परिषद झालेली नाही, तेव्हा नजीकच्या काळात हे बदलेल असे मला दिसत नाही.

म्हणून तुमच्या लेखात चियांग माई आणि सार्क यांची तुलना एका परिच्छेदात उरकावी आणि बाकीची जागा सामाजिक योजनांना द्यावी, असे सुचवतो. पाकिस्तानने २००८ मध्ये सुरू झालेल्या, गरिबांना रोख मदत देणाऱ्या बेनझीर योजनेसाठी गरीब कुटुंबांची यादी आधीच बांधली होती. २०२० च्या टाळेबंदीत तिच्या आधारे सव्वा कोटीहून अधिक कुटुंबांना रोख रक्कम देता आली. श्रीलंकेने अस्वेसुमा ही रोख मदतीची नवी योजना २०२३ मध्ये, संकट अंगावर असताना सुरू केली आणि लाभार्थी निवडण्यावरूनच तक्रारींचा पाऊस पडला. पाकिस्तानची यादी कोरियाच्या १९९५ च्या विम्याशेजारी आणि श्रीलंकेची धावपळ इंडोनेशियाच्या तांदळाशेजारी ठेवून पाहा.