ड्रेस्डेनमध्ये जुनं कोणतं, नवं कोणतं?

प्रश्न : आम्ही दोघं साठीतले, प्रागहून एका दिवसासाठी जर्मनीतल्या ड्रेस्डेनला जाणार आहोत. सगळं शहर दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीत बेचिराख झालं, तर आता बघायचं ते जुनं की नक्कल? (वाचक, ठाणे)

उत्तर : दोन्ही, आणि फ्राउएनकिर्शं या चर्चच्या एकाच भिंतीत. १३ फेब्रुवारी १९४५च्या रात्री बॉम्बफेक सुरू झाली. चर्च लगेच पडलं नाही. आगीने तापलेले वालुकाश्माचे खांब खचले आणि १५ तारखेला सकाळी घुमट कोसळला. ढिगारा जवळजवळ पन्नास वर्षं तसाच होता. १९९४ ते २००५ या काळात चर्च पुन्हा उभं राहिलं.

भिंतीजवळ उभे राहा. पिवळसर चिऱ्यांत मधूनच काळे चिरे दिसतील, ते ढिगाऱ्यातले जुने. सगळेच आगीने काळवंडलेले मात्र नाहीत. या दगडात लोह असतं, उघड्या हवेत तो आपसूक काळा पडतो. नवेही पडत जातील, तेव्हा हा फरक पुसट होईल. सलग काळा भाग दिसला, तर तो न पडता तगलेला. आत जुना वाकलेला क्रूस ठेवलाय. घुमटावरचा नवा क्रूस घडवणाऱ्या सोनाराचे वडील त्या हल्ल्यातल्या ब्रिटिश विमानाचे वैमानिक होते.

चर्चमध्ये प्रवेश मोफत, घुमटाचं तिकीट वेगळं. लिफ्ट फक्त २४ मीटरपर्यंत जाते. पुढे गोल चढण आणि शेवटी अरुंद, उभा जिना. गुडघे दुखत असतील तर सरळ सोडून द्या. दुपारी बाराच्या प्रार्थनेच्या सुमारास आणि रविवारी सकाळी पर्यटकांना आत सोडत नाहीत.

भोवतालच्या नॉयमार्क्ट चौकातल्या घरांना मात्र फसू नका: बरीचशी जुन्या धर्तीच्या दर्शनी भागामागची आजची बांधकामं आहेत. खरं जुनं हवं तर दोन मिनिटांवरचं फ्युर्स्टनत्सुग बघा. १०२ मीटर लांब, सुमारे २३,००० चिनीमातीच्या फरशांचं हे भित्तिचित्र बॉम्बफेकीतून जवळजवळ धडधाकट सुटलं.

वार नीट निवडा. त्स्विंगर या महालातलं चित्रसंग्रहालय सोमवारी, राजवाडा मंगळवारी बंद. राजवाड्यातल्या ऐतिहासिक ‘ग्र्युनेस गेव्होल्बे’ या खजिन्याच्या दालनाचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं, ते आधीच काढा. गाडीतून हाउप्टबानहोफला, म्हणजे मुख्य रेल्वे स्टेशनला उतरा. तिथून जुनं शहर पायी वीसेक मिनिटं. पासपोर्ट जवळ ठेवा, सीमेवर गाडीत तपासणी होऊ शकते.