नवं घर घेतलं तर अपराधी का वाटावं?

मेलबर्नहून एका ताईंनी विचारलंय. चार बेडरूमचं घर घेतलं, मोठी गाडी आली, दोघंही कमावतो, पण चर्चमध्ये साधेपणावर उपदेश झाला की मान खाली जाते, सासूबाई नगरहून फोनवर म्हणतात "एवढं कशाला लागतं गं", आणि इकडे पोरगा मित्राकडे स्विमिंग पूल आहे म्हणून तोंड फुगवून बसतो. मग ख्रिस्ती माणसाने नेमकं किती सुखात राहायचं?

ताई, आकडा काही मी सांगणार नाही, तो बायबलमध्येही नाहीये. पण नव्या करारातलं पौलाचं पत्र, १ तीमथ्य, त्याचा ६ वा अध्याय काढा. पैशाच्या लोभाबद्दलचं १० वं वचन आपल्याला लहानपणापासून पाठ, १७ वं मात्र सहसा कुणी वाचून दाखवत नाही. तिथे पौल श्रीमंतांना घरदार विका असं म्हणत नाही, तो म्हणतो धनाचा भरवसा नाही, भरवसा देवावर ठेवा, जो आपल्याला उपभोगायला सगळं भरपूर देतो. उपभोगायला बरं का! आणि लगेच १८ व्यात, उदार व्हा, दुसऱ्याला द्या. दोन्ही एका दमात. आपण काय करतो, पहिलं करताना लाजतो आणि दुसरं पुढच्या इन्क्रिमेंटवर ढकलतो.

लूक १२ मधल्या येशूच्या दाखल्यातला तो धनवान आठवा, कोठारं मोडून मोठी बांधू म्हणणारा. पीक भरघोस आलं हा त्याचा गुन्हा नव्हताच, पण अख्ख्या गोष्टीत तो स्वतःशीच बोलतोय, माझं धान्य, माझी कोठारं, माझा माल, देवाचे आभार नाहीत की शेजाऱ्याची आठवण नाही.

म्हणून मला तुमच्या बेडरूम किती यापेक्षा त्या तुम्हीच लिहिलेल्या आठ खुर्च्यांच्या डायनिंग टेबलाची काळजी वाटते, ज्यावर ओरखडा पडू नये म्हणून प्लास्टिक टाकलंय आणि सगळे जेवतात किचनच्या ओट्याशी उभ्याने. ते प्लास्टिक काढा आधी. इंडियातून नवीन आलेली स्टुडंट पोरं असतील ना तुमच्या चर्चच्या मंडळीत, त्यांना रविवारी उपासनेनंतर घरी आणा, मटणाचा रस्सा करा, सांडला तर सांडला. जेवणाआधीच्या प्रार्थनेत पोरालाच आभार मानायला सांगा, पण ठरलेलं "सगळ्यासाठी धन्यवाद" नको, आज काय आवडलं त्याचं नाव घेऊन.

देण्याचं म्हणाल तर पगार आला की दशांश, म्हणजे देवासाठीचा दहावा हिस्सा, आधी बाजूला, उरलं तर देऊ म्हटलं की उरत नाही, होम लोनवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. पण दोघांनी बसून ठरवा. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या हातात पैसा टिकायचा नाही, समोर गरजू आला की दिलं, आणि मग घर चालवताना त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची काय त्रेधा उडायची ते लक्ष्मीबाईंनीच 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलंय. दानशूरपणा एकाचा आणि ओढाताण दुसऱ्याची असं नको.

नाताळच्या दुसऱ्याच दिवशी तिकडे बॉक्सिंग डे सेल लागतो. जा की, वर्षभर थांबलेला फ्रिज स्वस्तात मिळत असेल तर घ्या, त्यात पाप कसलं. फक्त क्रेडिट कार्डावर नको, आणि फलाण्याने घेतला म्हणूनही नको. आणि पोरांसमोर दर वस्तूची किंमत आणि "त्यांच्याकडे काय आहे बघ" ही चर्चा बंद करा, तो पूल त्याच्या डोक्यात मित्राने घातला असेल, पण तुलना करायची सवय बहुतेक घरातूनच लागलीय, राग मानू नका.

राहिल्या सासूबाई. त्यांना फोनवर घराचा व्हिडिओ टूर देणं थांबवा, सरळ तिकीट काढून बोलवा. आल्यावर नवं किचन त्यांच्या हवाली करा आणि त्या स्टुडंट पोरांना वाढायला त्यांनाच पुढे करा.