चित्र सापडलं, आता त्याचा माग काढ

प्रिय दोस्ता,

जुन्या व्हिडिओ गेमच्या रॉममध्ये (गेमचा कोड आणि चित्रं साठवणाऱ्या चिपमध्ये) सापडलेलं, तू पाठवलेलं पात्र पाहिलं. टाइल व्ह्यूअरमधल्या (टाइल, म्हणजे चित्रांचे छोटे चौकोनी तुकडे दाखवणाऱ्या प्रोग्राममधल्या) ठिपक्यांच्या गर्दीतून डोकं, धड, पाय ओळखून अख्खी आकृती जुळवायला नजर लागते, आणि ती तुला आहे. पण खाली तू लिहिलंयस, 'गेममधून काढून टाकलेला शत्रू.' ते वाक्य अजून लिहू नकोस.

चित्र रॉममध्ये आहे आणि खेळताना कुठेच दिसत नाही, एवढंच आत्ता आपल्या हाती आहे. त्यामागची कारणं एकमेकांच्या अगदी उलटी असू शकतात. 'सॉनिक द हेजहॉग २' (१९९२) मधला हिडन पॅलेस झोन हा टप्पा घे. तो बनत होता, अर्धवट राहिला, वगळला गेला. त्याचे काही अवशेष मात्र विकल्या गेलेल्या कार्ट्रिजमध्ये (गेमच्या कॅसेटमध्ये) तसेच राहिले. साउंड टेस्टमध्ये, म्हणजे गेममधले आवाज वाजवून बघायच्या सोयीत, कुठल्याच टप्प्यात नसलेलं एक संगीत वाजतं, तेही त्याचंच असल्याचं अनेक जण मानतात. आता 'पोकेमॉन रेड' आणि 'ग्रीन' (१९९६) मधला म्यू हा पोकेमॉन बघ. तोही साध्या खेळात भेटत नाही. पण त्याला कुणी काढलेलं नाही, उलट अगदी शेवटी घुसवलंय. कार्ट्रिज गच्च भरलं होतं. डिबगची, म्हणजे चुका शोधायची साधनं काढल्यावर जेमतेम ३०० बाइट मोकळे झाले आणि प्रोग्रामर शिगेकी मोरिमोतो यांनी तिथे म्यूला बसवलं. हे त्यांनी स्वतः मुलाखतीत सांगितलं नसतं, तर आपण म्यूलाही 'वगळलेला' ठरवून मोकळे झालो असतो.

उरलेल्या गोष्टी आत का राहतात, हेही ध्यानात घे. मधलाच तुकडा उडवला की पुढचा सगळा डेटा सरकतो, कोडमधले पत्ते चुकतात. कारखान्यात रॉम पाठवायची वेळ जवळ आल्यावर ही जोखीम कोण घेणार? शिवाय चिप ठरावीक मापांतच मिळायच्या. चारशे बाइट वाचवून कार्ट्रिज स्वस्त होत नसे.

तुझा गेम एनईएसचा, म्हणजे निन्टेंडोच्या जुन्या गेम मशीनचा आहे. तिथली टाइल ८ × ८ पिक्सेलची, १६ बाइटांची. प्रत्येक पिक्सेलला दोन बिट. त्यात रंग नसतोच, तो पॅलेटमधून, म्हणजे रंगांच्या यादीतून येतो आणि पॅलेट वेगळीकडे असते. म्हणजे तू त्या पात्राला दिलेला लाल सदरा तुझा आहे, गेमचा नाही. चित्र दाखवताना हे स्पष्ट सांग.

पुढचं काम चिकाटीचं आहे, आणि मला सगळ्यांत आवडतं ते हेच. एफसीईयूएक्स या एम्युलेटरमधला (संगणकावर एनईएसचे गेम चालवणाऱ्या प्रोग्राममधला) कोड-डेटा लॉगर सुरू ठेवून गेम शेवटपर्यंत खेळ. कुठले बाइट कोड म्हणून चालले, कुठले डेटा म्हणून वाचले गेले, याची तो नोंद ठेवतो. हात न लागलेले बाइट म्हणजे संशयित, एवढंच; तू एखाद्या खोलीत गेलाच नसशील, तर तिथला डेटाही कोराच दिसेल. मग टाइलचे क्रमांक जोडून आकृती बनवणारं टेबल शोध. त्यात तुझ्या पात्राची ओळ असेल, तर निदान कुणीतरी ते पडद्यावर मांडायची तयारी केली होती. त्याची चाल ठरवणारा कोडचा तुकडाही सापडला, तर 'शत्रू' हा शब्द वापरायला मी स्वतः सांगेन.

रॉम तू घरातल्या जुन्या कॅसेटमधून काढलायस, याची मला खरी काळजी वाटते. आपल्याकडे टीव्ही गेमबरोबर मिळायच्या त्या कॅसेट बहुतेक नकली. एकाच गेमची नावं बदलून, सुरुवातीची लेव्हल बदलून यादी फुगवलेली असायची. चित्रांतही फेरफार केलेले असायचे. तुझं पात्र त्या नकलाकाराचंही असू शकतं. आधी जपानी आणि अमेरिकन मूळ प्रतींशी बाइट न् बाइट ताडून बघ.

आणि नंतरच्या डागडुजीला पुरावा मानू नकोस. 'सॉनिक २'च्या २०१३च्या मोबाइल आवृत्तीत हिडन पॅलेस खेळता येतो, सुंदरच आहे तो, पण त्यात नव्याने घातलेली भर आहे. १९९२ साली काय ठरलं होतं, ते त्यावरून कळत नाही.

तोवर चित्राखाली फक्त 'न वापरलेल्या टाइल' आणि त्यांचा रॉममधला पत्ता लिही. टेबल सापडलं तर ती ओळ मला पाठव. रविवारी मीही डिसअसेंब्ली (रॉममधल्या बाइटांचं वाचता येईल अशा कोडमध्ये केलेलं रूपांतर) घेऊन बसतो.

सस्नेह