टेक ऑफ, अप आणि पंचमी

‘विमानाने टेक ऑफ घेतला.’ बातम्यांत हे वाक्य ऐकलं की चीड येते. टेक म्हणजेच घेणं, मग त्यावर आणखी ‘घेतला’ कशाला? ‘विमान उडालं’ म्हणायला काय हरकत आहे?

पार्ल्याच्या एका वाचकाने विचारलंय: कपडे काढणं, विमान उडणं, किंमत कमी करणं, निघून जाणं, धंद्याने एकदम उसळी घेणं, एखाद्याची नक्कल करणं, एवढे अर्थ एकट्या ‘टेक ऑफ’मध्ये आले कुठून? आणि या सगळ्यांसाठी मराठीत एक शब्द आहे का?

कपडे आणि विमान कोणालाही कळतात, ते सोडा. खरा ऐवज ‘ऑफ’मध्ये आहे. मालकी दाखवणारा इंग्रजी ‘ऑव्ह’ आणि हा ‘ऑफ’ मुळात एकच. जोर देऊन उच्चारला तो ऑफ राहिला, बिनजोराचा ऑव्ह झाला. आणि हा ऑफ आपल्या संस्कृत ‘अप’ या उपसर्गाचा सख्खा भाऊ आहे! अपहरणातला, अपनयनातला अप. दादरच्या दुकानावर ‘५० टक्के ऑफ’ अशी पाटी दिसते, तिथे खरं तर ‘अप’च लिहिलेलं असतं.

‘अप म्हणजे वाईट’ असं अपयश, अपशब्द दाखवून सांगणारे पंडित आहेत. साफ चूक. वाईटपणा नंतर चिकटला. मूळ अर्थ ‘दूर, वेगळं’. संस्कृत व्याकरणकार पाणिनीचं ‘अपपरी वर्जने’ (अप आणि परि हे वगळणं दाखवतात) हे सूत्र त्यांनी एकदा उघडून पाहावं.

त्याच पाणिनीचं दुसरं सूत्र आहे ‘ध्रुवमपायेऽपादानम्’: काही दूर होताना जे जागेवर राहतं, म्हणजे जे ‘ध्रुव’, ते अपादान, म्हणजे पंचमीचं कारक. आता ‘अपादान’ फोडा. अप अधिक आदान. आदान म्हणजे घेणं. अप म्हणजे ऑफ. हुबेहूब टेक ऑफ! टेक आणि आदान यांचं रक्ताचं नातं नाही, दोन्ही जोड्या आपापल्या घरी तयार झाल्या. पण कल्पना एकच. शाळेची गाइडं मात्र पंचमीचे ‘ऊन, हून’ हे प्रत्यय पाठ करून घेतात आणि हा सगळा ठेवा झाकून ठेवतात.

माझं म्हणणं असं की टेक ऑफच्या जवळजवळ प्रत्येक अर्थात असा एक ध्रुव सापडतो. अंगातून सदरा, किमतीतून रुपये, धावपट्टीवरून विमान. धावपट्टीच हलती असली तर? टीकाकारांनी ‘धावतोऽश्वात् पतति’ हे उदाहरण देऊन ठेवलंय: घोडा धावत असला तरी पडणाऱ्याच्या दृष्टीने तोच ध्रुव. विक्रांतसारख्या चालत्या जहाजावरून विमान उडतं तेव्हा हेच घडतं.

‘नकलेत कुठे काय दूर होतं?’ असं एक कोशप्रेमी स्नेही मला ऐकवतात. त्यांनी ‘नक्कल’चं मूळ पाहावं. अरबी ‘नक्ल’ म्हणजे एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणं, आणि त्यावरूनच प्रत करणं. माणूस जागेवर, त्याची ढब दुसऱ्याच्या अंगावर. तलाठ्याकडून सातबाऱ्याची नक्कल ‘काढतात’, तेव्हा मूळ दप्तरातच राहतं. अजून काय पुरावा हवा?

राहिला प्रश्न मराठीतल्या एका शब्दाचा. ‘काढणे’ पुष्कळ अंतर चालतं: कपडे काढा, नक्कल काढा. विमान मात्र उडतं, माणूस सटकतो आणि धंद्याचा जम बसतो.