दोनशे मीटर खोलीचे करायचे काय?

प्रश्न : माझी १२ फुटी फायबरची होडी आहे, मागे लहान आउटबोर्ड इंजिन. तलावाची खोली फार तर १२ मीटर. बेताच्या बजेटमध्ये दोन फिशफाइंडर (आवाजाच्या लहरींनी पाण्यातले मासे आणि तळ पडद्यावर दाखवणारी यंत्रे) पाहिले. एक २०० मीटरपर्यंत तळ दाखवतो, दुसऱ्याची क्षमता कमी पण पडदा सरस. कोणता घ्यावा? जीपीएस हवेच का?

उत्तर : दुसरा. उरलेले १८८ मीटर तुमच्या कामाचे नाहीत. तळालगतचा मासा तळापासून सुटा दिसतो की नाही, हे बरेचसे पडद्याच्या उभ्या पिक्सेलवर ठरते. १२ मीटर पाणी २४० ओळींत बसवले की एक ओळ ५ सेंमीची होते, ४८० ओळींत अडीचची. कमी ओळींच्या पडद्यावर असा मासा तळाच्या जाड रेघेत विरून जातो. म्हणून दुकानात इंच नव्हे, उभे पिक्सेल विचारा. पडदा रंगीत असावा. कडक तळ आणि चिखल यांतला फरक रंगावरून पटकन कळतो.

मग यंत्र पाण्यात सोडते त्या आवाजाच्या झोताचा कोन पाहा. २०० किलोहर्ट्झचा झोत साधारण २० अंशांचा असतो. १२ मीटरवर तो सव्वाचार मीटर रुंद तळ पाहतो, ३ मीटरवर जेमतेम एक मीटर. काठाजवळ ‘यंत्र मासेच दाखवत नाही’ ही तक्रार इथूनच येते. यंत्र ठीक असते, मासा झोताबाहेर असतो. ८३ किलोहर्ट्झचा ६० अंशांचा झोतही असेल तर ३ मीटरवर साडेतीन मीटर रुंदी मिळते. मात्र उतारावर रुंद झोत तळाचा सर्वांत उथळ भागच आधी पकडतो आणि खाली दबलेले मासे झाकले जातात. दोन्ही कोन असलेले मॉडेल घ्या. चर्प (एकाच वारंवारतेऐवजी वारंवारतांचा पट्टा वापरणारे तंत्र) मिळाले तर उत्तमच, जवळजवळचे दोन मासे सुटे दिसतात.

माशांची चित्रे काढणारी सोय पहिल्याच दिवशी बंद करा. तिला बुडबुडे आणि तरंगता पालापाचोळाही मासाच वाटतो. जीपीएस बुडालेल्या झाडाशी नेमके परत जायला छान, पण पैसे कमी पडत असतील तर आधी त्यालाच कात्री लावा.

प्रश्न : होडी उभी असताना तळ स्वच्छ दिसतो, वेग घेतला की गायब. यंत्र बदलू का?

उत्तर : नको, ट्रान्सड्यूसरची, म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी पकडणाऱ्या भागाची, जागा बदला. त्याच्या तोंडाशी बुडबुडे येत आहेत आणि हवेतून हा आवाज पुढे जात नाही. मागच्या फळीवर तो पंख्यापासून निदान ३८ सेंमी दूर हवा. मागून पाहता पंखा घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर उजव्या बाजूला लावा. त्याच्या पुढे होडीच्या बुडाला पट्टी किंवा रिव्हेट नको. फायबरच्या होडीत त्याचा तळ बुडापेक्षा ३ मिलिमीटर खाली ठेवा. तरी तळ जात असेल तर थोडा थोडा खाली घेऊन पाहा. फार खाली गेला की पाण्याचे फवारे उडू लागतात. आधी फळीला शिकंजाने आवळून चाचणी घ्या, भोके नंतर. भोकांत पाण्याखाली टिकणारे सीलंट भरा.

इंजिन सुरू होताच, होडी जागेवर असतानाही, पडद्यावर ठिपक्यांचा पाऊस पडत असेल तर दुखणे विजेचे आहे. फिशफाइंडरला स्वतंत्र १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी द्या. ०.४ अँपिअर खाणारे यंत्र तिच्या निम्म्या चार्जवर आठ-साडेआठ तास चालते. लेड-ॲसिड बॅटरी त्याखाली उतरवू नका. पॉझिटिव्ह वायरवर, बॅटरीजवळच, माहितीपुस्तिकेत दिलेल्या अँपिअरचा फ्यूज बसवा आणि ट्रान्सड्यूसरची केबल इंजिनच्या वायरींपासून लांबून न्या. जास्तीची केबल कापू नका, गुंडाळून ठेवा.