रॉयल एनफिल्डच्या मिटिओर ३५० ला उंच हँडल बसवलं तर केबल आणि वायरी बदलाव्या लागतात का? लांबच्या प्रवासात खांदे भरून येतात.

दुकानदार "काही बदलावं लागत नाही साहेब, आहे त्यातच बसतं" असं म्हणाला, तर हँडल तिथंच ठेवा आणि चहा पिऊन परत या. बसतं सगळंच. प्रश्न बसण्याचा नसतो, वळवण्याचा असतो.

हँडल सरळ असताना सगळ्या केबली पुरतात. ते पूर्ण डावीकडे वळवलं की उजवी मूठ टाकीपासून लांब जाते आणि एक्सलेटर केबल ताणली जाते. बाहेरचं कव्हर ओढलं गेलं की आतली तार आपोआप खेचली जाते, म्हणजे तुम्ही मूठ पिळलेली नसताना रेस चढते. पूर्ण उजवीकडे वळवलं की हीच गत क्लचची होते, लिव्हरला हात न लावता क्लच अर्धवट दाबला जातो. हे दुकानाच्या दारात कळत नाही. कळतं ते घाटात.

आमच्या साडूंना ते तिलारी घाटात कळलं. कळलं असं मी म्हणतो, ते आजही म्हणत नाहीत.

त्यांची थंडरबर्ड ३५०. तिला त्यांनी कोल्हापुरातल्या एका दुकानातून चांगलं वीतभर उंच हँडल बसवून घेतलं. कारण तुमचंच, खांदे दुखतात. आम्ही चंदगडवरून तिलारीमार्गे गोव्याला निघणार होतो. आदल्या संध्याकाळी त्यांच्या दारात मी गाडी चालू करून हँडल डावीकडे पूर्ण वळवलं, तर इंजिन गुरगुरायला लागलं. सरळ केलं, शांत. परत वळवलं, परत तेच. म्हटलं, "केबल कमी पडतीय, उद्या ही गाडी नेऊ नका." तर म्हणाले, "अहो, गार इंजिन आहे, रेस चढणारच. दुकानवाला रोज हेच काम करतोय, तुम्हाला लई शंका." मेव्हणी दारातच उभी होती, त्यामुळे मी पुढं बोललो नाही.

तिलारीचा उतार ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. लांबी फार नाही, पण उतार अंगावर येतो आणि वळणं अशी की हँडल जवळजवळ शेवटापर्यंत न्यावं लागतं. डावीकडच्या एका आवळ वळणावर साडू अगदी हळू गाडी वळवत होते, मी मागे. मधोमध आल्यावर त्यांची गाडी एकदम पुढे सुटली. वळण घ्यायचं सोडून ती सरळ उजव्या बाजूला, म्हणजे समोरून येणाऱ्यांच्या बाजूला गेली. खालून एक टेम्पो चढत होता. त्या ड्रायव्हरने वेळेत ब्रेक मारला म्हणून. साडूंची गाडी कठड्याला घासून थांबली, क्रॅश गार्ड वाकला, माणसाला खरचटलंसुद्धा नाही.

मी तिथंच टाकीजवळ हात घातला. दुकानवाल्याने जुनीच केबल ठेवली होती, ती मूळ वाटेवरून काढून हँडलच्या दांडीला प्लास्टिकच्या टायने करकचून आवळली होती, दिसायला नीटनेटकं. टाय कापला, केबल मोकळी सोडली, हँडल वळवलं. रेस चढायची थांबली. साडूंना समोर उभं करून दाखवलं. त्यावर गृहस्थ म्हणाले, "पेट्रोलमध्ये कचरा असणार." दोडामार्गला पोहोचेपर्यंत कचऱ्याची खडी झाली आणि आता नात्यात सगळीकडे तोच निकाल कायम आहे: वळणावर खडी होती, चाक घसरलं. खडीने इंजिनाची रेस चढते, हे मी तरी कुठं ऐकलेलं नाही. पुढच्या भेटीत त्यांच्या गाडीला नवीन, लांब केबल दिसली. कधी टाकली विचारलं तर म्हणाले, "जुनी झाली होती."

तर तुमच्या प्रश्नाकडे. नवीन हँडल विकत घेण्याआधी आहे ते हँडल क्लॅम्पमधून सोडवा, टाकीवर जाड गोधडी टाका, आणि स्विच-लिव्हरसकट ते हव्या त्या उंचीवर धरून दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून बघा. क्लच, एक्सलेटर, ब्रेकचा पाइप, दोन्ही बाजूंच्या वायरी, यांतलं जे पहिलं ताणलं जाईल तिथं तुमची उंची संपली. त्याच्या वर जायचं तर ते लांब घ्यायचं. वायरी कापून, मध्ये तुकडा जोडून, वर काळी टेप गुंडाळणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका. कोकणातल्या पहिल्याच पावसात हॉर्न जातो, मग इंडिकेटर.

ब्रेकचा पाइप लांब केला तर ऑइल काढून, नवीन भरून, हवा पूर्ण काढावी लागते. पाइपाच्या टोकाला जो पोकळ बोल्ट असतो (बॅन्जो बोल्ट), त्याचे तांब्याचे वायसर नवीनच घाला. दोन्ही चाकांना एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे, तेव्हा "थोडी हवा राहिली तरी चालतं" म्हणणारा मेस्त्री नको.

हँडल घेताना मुठीच्या जागेची जाडी २२ मिलिमीटरच पाहिजे, नाहीतर स्विच बसत नाहीत. मधे जाड, टोकाला बारीक अशी हँडलं मिळतात. त्यांची मधली जाडी २८.६ मिलिमीटर असते, त्यांना क्लॅम्पही वेगळा लागतो. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. स्विचच्या डबीच्या आत एक बारीक खुंटी असते, ती हँडलच्या भोकात अडकते म्हणून डबी फिरत नाही. बाजारातल्या बऱ्याच हँडलांना ते भोक नसतं. भोक पाडायचा कंटाळा करून दुकानात ती खुंटीच घासून टाकतात. मग ऐन गडबडीत मूठ पिळली की डबीच गोल फिरते. साडूंच्या गाडीला हेही केलेलं होतं. सांगितलं नाही, कारण ऐकलं नसतं. (नंतर बायकोमार्फत निरोप दिला, तो पोहोचला.)

उजवी मूठ बसवल्यावर दांडीच्या टोकाला किंचित फट ठेवा. पिळून सोडली की टकन मागे आली पाहिजे. शेवटी इंजिन चालू ठेवून दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा आणि कान देऊन ऐका. इंजिन गरम झाल्यावर पुन्हा एकदा, म्हणजे कुणाला गार इंजिनाची सबब राहत नाही.

माझं स्पष्ट मत विचाराल तर लांबच्या प्रवासाला खांद्याच्या वर हात नेणारं हँडल हा निव्वळ शौक आहे. हात वर टांगले की बोटं बधिर होतात, आणि ९० च्या वेगाला छाती शिडासारखी वारा धरते. खांदे दुखतात ते बहुधा हात लांब ताणावे लागतात म्हणून, म्हणजे तुम्हाला उंच नाही, मागे वाकलेलं हँडल हवं. त्याच्याही आधी आहे तेच हँडल क्लॅम्पमध्ये थोडं मागे फिरवा, लिव्हर मनगटाच्या रेषेत आणा आणि एक मोठी चक्कर मारून या. खर्च शून्य.

कायद्याचं राहिलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बघता, कंपनीच्या मूळ तपशिलापासून दूर जाणाऱ्या बदलांना जागा फारशी नाही. हँडलसाठी सहसा कुणी अडवत नाही, पण अपघात झाला तर विम्यावाला गाडी बारकाईने बघतो. शक्य असेल तर कंपनीच्याच ॲक्सेसरीत काय मिळतं ते आधी विचारा, वॉरंटीचाही प्रश्न येत नाही.

तुमची उंची लिहिलेली नाही, आणि सीट मूळची आहे की बदललेली तेही नाही. दोन्ही लिहा, मग हँडल किती मागे वाकलेलं हवं ते सांगता येईल.