समान वेतनाचा कायदा असूनही भारतात स्त्रियांची कमाई कमी का?

समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला असताना भारतात स्त्रियांची कमाई पुरुषांपेक्षा कमी का, आणि शिक्षणाचा अभाव हेच त्याचे कारण आहे का, असे आपण विचारले आहे. शिक्षणाचा वाटा आहेच. पण माझ्या मते मूळ दुखणे हे की, वेतन ठरण्याआधीच कामाची वाटणी होऊन गेलेली असते.

कोणत्याही बांधकामावर पाहावे. बिगारी म्हणून आलेला मुलगा काही वर्षांत मिस्त्रीच्या हाताखाली थापी धरायला शिकतो आणि गवंडी होऊन जास्त मजुरी घेऊ लागतो. त्याच्याबरोबर आलेली बाई मात्र वीस वर्षांनंतरही डोक्यावर चुंबळ ठेवून घमेलीच वाहत असते, कारण तिच्या हाती थापी द्यावी हे कुणाच्या मनातच येत नाही. शेतातही फवारणी पुरुषांची आणि खुरपणी बायकांची. दिवसभर उन्हात वाकून केलेली ही खुरपणी ‘हलके काम’ म्हणून कमी मजुरीची ठरते. कायदा एकाच किंवा सारख्या स्वरूपाच्या कामाला समान वेतन द्या असे सांगत आला. कामच वेगळे ठरवले की तुलनेला जागाच उरत नाही, आणि रोजंदारीची कुठे नोंदही नसल्याने दाद मागणे कठीण होते.

दुसरे कारण वेळेचे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, तर असे काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. शिवाय असे पुरुष मुळातच थोडे. मग स्त्री घराजवळचे, विड्या वळण्यासारखे नगावर मोबदला मिळणारे काम धरते, आणि नोकरीत असलीच तर बदलीसह येणारी बढती नाकारते. बाळंतपणाची रजा २०१७ साली १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, हे योग्यच झाले. मात्र कामगार राज्य विमा योजना (जिच्या निधीतून अशा रजेचा पगार मिळतो) लागू नसलेल्या ठिकाणी त्या रजेचा पगार एकट्या मालकावर पडतो, आणि तरुण स्त्रीला कामावर घेताना तो हात आखडता घेतो.

सर्वांत जास्त खटकते ते शासनाचे वागणे. गर्भवतीला रात्री-अपरात्री दवाखान्यात नेणाऱ्या आशाताईंना शासन कर्मचारी नव्हे, ‘स्वयंसेविका’ मानते; म्हणून त्यांना पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो, आणि किमान वेतनावर त्यांना हक्क सांगता येत नाही.